अंगाला लावावयाचे तेल : निवड आणि पारख

दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान, लग्नघरातील तेल-हळद आणि बाळंतिणीच्या खोलीतील तेलमालिश या तीन प्रसंगी मराठी घरात तेलाची वाटी हटकून पुढे येते. एरवी स्वयंपाकघरापुरते मर्यादित असलेले तेल त्या दिवशी औषध, सौंदर्यप्रसाधन आणि मंगलद्रव्य अशा तिन्ही नात्यांनी वावरते. परंतु त्या वाटीत कोणते तेल असावे, याचा विचार मात्र फारसा केला जात नाही. घरात जे असेल ते, किंवा अलीकडे दुकानदार जे पुढे करील ते, असा सर्वसाधारण प्रघात आहे. शहरांतून ‘अरोमाथेरपी’ या नावाने सुगंधी तेलांचा व्यापार वाढला असून त्यांत मिसळावयाच्या ‘वाहक’ तेलांच्या लहान लहान बाटल्या आता तालुक्याच्या बाजारपेठांतही दिसू लागल्या आहेत. अशा वेळी आपल्याच शेतात पिकणाऱ्या तेलबियांकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल.

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांच्या या जिल्ह्यात आज खरिपात सोयाबीनचे आणि ओलिताच्या क्षेत्रात हळदीचे वर्चस्व आहे. पूर्वीच्या पिढीला मात्र करडी, तीळ, जवस, कारळ आणि भुईमूग ही तेलाची पिके अधिक परिचयाची होती. सोयाबीनही तेलबीच आहे. पण तिच्या दाण्यात तेल १८ ते २० टक्केच असल्याने ते गावच्या घाण्यावर काढणे परवडत नाही. ते कारखान्यात द्रावकाच्या साहाय्याने काढले जाते व शुद्धीकरण होऊन पुड्यात येते. तीळ व शेंगदाण्यात ४५ ते ५० टक्के आणि करडीत सुमारे ३० टक्के तेल असते. म्हणूनच ही पिके घाण्याची पिके ठरली.

वाहक तेल म्हणजे काय?

तेलांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. बियांतून वा फळांतून दाबून निघणारे, कागदावर कायमचा डाग पाडणारे ते स्थिर तेल. आणि पाने, फुले, साल वा कंद यांतून बहुधा वाफेच्या साहाय्याने निघणारे, हवेत उडून जाणारे ते बाष्पनशील अथवा सुगंधी तेल. निलगिरी, गवती चहा, लवंग यांची तेले दुसऱ्या वर्गात मोडतात. ती अतिशय तीव्र असल्यामुळे नुसती त्वचेवर लावली तर आग होते, पुरळ उठतो, क्वचित कायमची अॅलर्जी जडते. यास्तव ती स्थिर तेलात अल्प प्रमाणात मिसळावी लागतात. सुगंधी तेलाला वाहून नेणारे ते वाहक तेल.

‘अरोमाथेरपी’ हा शब्द फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रेने-मॉरिस गातफोसे यांच्या १९३७ सालच्या ग्रंथामुळे रूढ झाला. कल्पना मात्र आपल्याकडे जुनीच आहे. उत्तर भारतात तिळाचे थर आणि मोगरा-चमेलीच्या फुलांचे थर एकावर एक रचून, फुले वारंवार बदलून, सुगंध तिळांत मुरला म्हणजे ते तीळ घाण्यात घालीत. त्यातून निघणाऱ्या तेलाला फुलेल म्हणत. कनौजच्या अत्तरात हेच काम चंदनाच्या तेलाने केले. आयुर्वेदातील औषधी तेलांतही वनस्पतींचे गुण उतरवून घेण्यासाठी मुख्यतः तिळाच्या तेलाचाच आधार घेतलेला आहे. ‘तैल’ हा शब्दच मुळी ‘तिल’ यापासून सिद्ध झाला आहे.

त्वचेला तेल काय करते?

त्वचेच्या अगदी बाहेरच्या थराची रचना विटांच्या भिंतीसारखी असते. मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध पदार्थ हा चुना. हा चुना शाबूत असला म्हणजे शरीरातील ओलावा बाहेर उडत नाही आणि बाहेरचे जंतू व क्षोभक द्रव्ये आत शिरत नाहीत. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, हिवाळ्यात कोरडा वारा सुटतो, आणि काळ्या मातीत दिवसभर उघड्या हातापायांनी काम करावे लागते. अशा ठिकाणी या भिंतीची पडझड लवकर होते. टाचांच्या भेगा, हातांचे सोलपटणे, पोटऱ्यांवरील पांढरट कोरडेपणा ही तिची चिन्हे होत.

तेल त्वचेत पाणी घालीत नाही. आहे ते पाणी उडू देत नाही, एवढेच त्याचे पहिले काम. म्हणून कोरड्या अंगाला तेल चोपडण्यापेक्षा स्नानानंतर अंग टिपून, ते किंचित ओलसर असतानाच तेलाचा पातळ हात फिरविणे अधिक गुणकारी असते. स्नानापूर्वीच्या अभ्यंगाचा उपयोग निराळा आहे : साबण अंगचे तेल धुऊन काढतो, त्या माऱ्यातून वरून लावलेले तेल त्वचेला वाचविते.

परंतु सर्व तेले सारखी नाहीत. प्रत्येक तेल निरनिराळ्या मेदाम्लांचे बनलेले असते. त्यांपैकी लिनोलेइक आम्ल हे त्वचेच्या त्या चुन्याचाच एक घटक आहे. आहारात त्याची तीव्र उणीव झाली तर त्वचा खवलेदार होते. उलट ओलेइक आम्ल त्वचेच्या थरात शिरून तो काहीसा ढिला करते. औषध आत पोचविण्यासाठी हा गुण उपयोगी असला, तरी दुबळ्या त्वचेला तो बाधतो. इंग्लंडमधील शेफील्ड येथील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रौढांच्या त्वचेवर काही आठवडे ऑलिव्ह तेल लावल्यावर तिचा संरक्षक थर कमकुवत झालेला आढळला. सूर्यफुलाच्या तेलाने तसे झाले नाही. ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्लाचे, तर नेहमीच्या सूर्यफूल तेलात लिनोलेइक आम्लाचे प्राबल्य असते.

करडीचे दुर्लक्षित तेल

या कसोटीवर मराठवाड्याच्या करडीचे तेल फार वरचे ठरते. परंपरागत वाणांच्या करडी तेलात लिनोलेइक आम्लाचे प्रमाण ७० ते ७८ टक्के असते. सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात लहान बाटलीतून महाग विकल्या जाणाऱ्या द्राक्षबियांच्या तेलात ते सुमारे ७० टक्केच भरते. करडीचे तेल रंगाने फिके, वासाने सौम्य, हाताला हलके आणि चिकटपणा न ठेवणारे आहे. तेलकट त्वचेच्या माणसालाही ते सहसा जड वाटत नाही. बाटलीवरील परदेशी झाडाचे चित्र पाहून तेलाची योग्यता ठरविली जाते आणि शिवारातल्या काटेरी पिकाकडे कोणी वळूनही पाहत नाही, हे प्रस्तुत लेखकास चमत्कारिक वाटते.

काटे हेच करडीच्या पीछेहाटीचे एक कारण आहे. परतीच्या पावसाच्या ओलीवर, पाण्याची पाळी न देता, भारी जमिनीत येणारे हे रब्बी पीक. पण काढणीला मजूर मिळेनासे झाले. ओलिताची सोय होताच गहू आला, सोयाबीनपाठोपाठ हरभरा आला, आणि करडी बांधाकडेच्या तासांपुरती उरली. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘शारदा’, ‘परभणी कुसुम’ यांसारखे वाण दिले, बिनकाट्याचे वाणही विकसित केले. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचा संकरित वाण तयार केला. तेलाला अंगाच्या वापरासाठी स्वतंत्र मागणी निर्माण झाली तर या पिकाला पुन्हा बरे दिवस येणे अशक्य नाही. लाकडी घाण्याच्या तेलाकडे ग्राहक पुन्हा वळू लागला आहे, ही त्या दृष्टीने अनुकूल गोष्ट आहे. जिल्ह्यात कळमनुरी तालुक्यातील तोंडापूर येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. करडी पेरू इच्छिणाऱ्यांना वाणाविषयी तेथे विचारणा करता येईल.

एक सूचना मात्र आवश्यक आहे. अलीकडे ओलेइक आम्ल अधिक असलेले करडीचे वाणही निघाले आहेत. ते तळणासाठी व टिकण्यासाठी चांगले. परंतु वर सांगितलेला त्वचेचा लाभ जुन्या धाटणीच्या करडीचा आहे. विकत घेताना तेवढे विचारून घ्यावे.

तीळ, खोबरेल आणि इतर

तिळाच्या तेलात ओलेइक व लिनोलेइक ही दोन्ही आम्ले साधारण सारख्या प्रमाणात असतात. त्याचा खरा गुण टिकाऊपणाचा. तिळात सेसमिन, सेसमोलिन ही द्रव्ये असल्यामुळे ते लवकर खवट होत नाही. औषधी तेलांसाठी आपल्या पूर्वजांनी त्याची निवड केली, ती अनुभवाच्या याच आधारावर असावी. हिवाळ्यातील मालिशीसाठी आणि सुगंधी तेल मिसळून ठेवण्यासाठी तिळाचे तेल उत्तम. काही जणांना तिळाची अॅलर्जी असते. त्यांनी ते टाळावे.

खोबरेल तेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असते. ते सुमारे २४ अंशांखाली गोठते, हे मराठवाड्यातील प्रत्येक घराला थंडीच्या दिवसांत अनुभवास येते. गोठणे हा भेसळीचा नव्हे, तर बहुधा शुद्धतेचाच पुरावा समजावा. फिलिपीन्समधील २००८ सालच्या अभ्यासात इसबाच्या प्रौढ रुग्णांच्या त्वचेवरील विशिष्ट जंतू ऑलिव्ह तेलापेक्षा खोबरेलाने अधिक कमी झालेले दिसले. चेहऱ्यावर मुरुमे येणाऱ्या तरुण मुलामुलींनी मात्र ते तोंडाला लावू नये, रंध्रे बुजण्याचा संभव असतो. कोंड्याविषयीही एक गैरसमज आहे. कोंडा म्हणजे डोके कोरडे पडले, असे समजून रात्रभर तेल थापले जाते. कोंड्याशी संबंधित असलेली मॅलॅसेझिया ही बुरशी तेलातील बहुतेक मेदाम्लांवरच पोसते. साहजिकच कोंडा वाढतो.

शेंगदाण्याचे तेल अंगाला चालते, विशेष गुण नाही, दोष नाही. सोयाबीनचे शुद्ध केलेले तेल हलके व स्वस्त आहे. करडी न मिळाल्यास ते वापरण्यास हरकत नाही. सरकीचे तेलही तसेच. जवसाचे तेल पोटात घेण्यास चांगले असले तरी अंगाला लावून ठेवण्यास योग्य नाही. ते हवेत सुकून चिवट थर धरते. म्हणून तर ते रंगकामात वापरतात. मोहरीचे तेल उत्तरेकडील मंडळींच्या सवयीचे असले तरी त्यातील तिखट द्रव्य त्वचेला झोंबते, आणि लहान मुलांच्या बाबतीत ते टाळणेच श्रेयस्कर.

टाचांच्या भेगांसाठी दाट तेल हवे. एरंडेल हे त्यांपैकी एक. त्यात ८५ ते ९० टक्के रिसिनोलेइक आम्ल असल्याने ते इतर कोणत्याही तेलापेक्षा घट्ट असते व दीर्घकाळ जागेवर राहते. नुसते लावणे जड जाते, म्हणून तिप्पट तिळाच्या तेलात मिसळावे. कोकणात आणि गोव्यात याच कामासाठी कोकमाच्या बियांचा तेलगोळा वापरतात. तो जिल्ह्याच्या बाजारात मिळाला तर अवश्य घ्यावा. पाय कोमट पाण्यात भिजवून, टिपून मग लेप द्यावा. मधुमेही व्यक्तींनी बोटांच्या बेचक्यांत तेल साचू देऊ नये आणि भेगेतून रक्त वा पू आल्यास थेट दवाखाना गाठावा.

लिंबोळीचे तेल उग्र वासाचे आहे. ते नुसते कोणी अंगाला लावणार नाही. येथे वाहक तेलाचे महत्त्व चांगले ध्यानात येते. मलेरिया संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात खोबरेल तेलात अवघे २ टक्के लिंबोळीचे तेल मिसळून उघड्या अंगावर लावले असता मलेरिया पसरविणाऱ्या डासांपासून रात्रभर चांगले संरक्षण मिळाले. अर्थात, मच्छरदाणीला तो पर्याय नव्हे. लिंबोळीचे तेल लहान मुलांना पोटात कदापि देऊ नये. त्यामुळे बालके गंभीर आजारी पडल्याची व दगावल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नमूद आहेत.

बाळाची मालिश

तेलाच्या निवडीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो तो नवजात बालकाच्या बाबतीत, कारण तेथे चुकीला क्षमा नसते. पूर्ण दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या मुलाची त्वचा कच्ची असते व तिच्यातून जंतू रक्तात जातात. ढाक्याच्या बालरुग्णालयात ३३ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बालकांच्या अंगाला सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने लावण्यात आले, तेव्हा रुग्णालयातील जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. हा उपचार रुग्णालयातील देखरेखीखालचा होता, हे विसरता कामा नये. उलट, मँचेस्टर येथे पूर्ण दिवसांच्या निरोगी बालकांवर झालेल्या व २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑलिव्ह व सूर्यफूल या दोन्ही तेलांमुळे त्वचेच्या थराची घडण थोडी मागे पडलेली दिसली. तात्पर्य इतकेच की, धष्टपुष्ट बाळाला तेलात बुडविण्याची आवश्यकता नाही. थोडके तेल, हलका हात आणि आईचा स्पर्श पुरेसा आहे.

न्हाऊ घालणाऱ्या बायकांचा अनुभव दांडगा असतो आणि त्यांच्याविषयी आदर बाळगूनच पुढील गोष्ट सांगावी लागते. बाळाच्या नाकात आणि कानांत तेल सोडण्याची रीत अनेक घरांत आहे. नाकातील तेल घशात न उतरता श्वासनलिकेत उतरले तर फुप्फुसात जाऊन बसते. शरीराला ते बाहेर टाकता येत नाही आणि त्यातून एक प्रकारचा न्यूमोनिया होतो. बाळाला दम लागतो, ताप येतो; घरच्यांना वाटते सर्दी झाली, म्हणून पुन्हा तेल सोडले जाते. आजीबाईंना दुखवू नये म्हणून सून गप्प राहते. अशा वेळी आशा सेविकेने किंवा परिचारिकेने दोन शब्द सांगितले तर ते ऐकले जातात. नाळेच्या जागीही तेल, हळद, राख काही लावू नये. ती जागा कोरडी व स्वच्छ ठेवावी. निलगिरी, पुदिना वा कापूर मिसळलेले तेल तान्ह्या मुलाच्या छातीला किंवा नाकाजवळ चोळू नये. दिवस अपुरे असलेल्या वा वजनाने कमी बाळाची मालिश डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

हळद आणि तेल

हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात आणि वसमतच्या बाजारात येणाऱ्या हळदीने जिल्ह्याचे नाव दूरवर नेले आहे. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले आणि वसमत येथेच हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्राची उभारणी शासनाने हाती घेतली. हळदीला पिवळा रंग देणारे कुरकुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात काही प्रमाणात विरघळते. लग्नातील हळद तेलात कालवितात, त्यामागे रूढीबरोबर हेही कारण आहे, असे म्हणावयास जागा आहे. उन्हात कुरकुमिनचा रंग उडतो. तेव्हा हळदीचे तेल करून ठेवावयाचे तर काळोख्या जागी ठेवावे.

अंगाला लावण्यासाठी बाजारची डोळ्यांत भरणारी, झगझगीत पिवळी भुकटी मात्र घेऊ नये. हळदीला रंग चढविण्यासाठी शिसेयुक्त पिवळ्या रंगाची भेसळ होत असल्याचे अनेक ठिकाणी उघडकीस आले आहे. ज्या जिल्ह्यात घरोघरी हळकुंडे आहेत, तेथे ती कुटून घेणे कठीण नाही.

हळदीच्या पानांतही सुगंधी तेल असते. काढणीच्या वेळी ही पाने कापून बहुतांशी शेतातच टाकली जातात. वाफेच्या भट्टीने त्यांतून तेल काढता येते. मात्र उतारा अल्प असल्यामुळे एकट्यादुकट्याने भट्टी घालण्यापेक्षा बचत गटांनी वा शेतकरी उत्पादक कंपन्यांनी गिऱ्हाईक आधी निश्चित करून मगच या उद्योगात उतरावे. असे तेल आणि करडीचे वाहक तेल एकाच जिल्ह्यात तयार होऊ शकते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

मिश्रणाचे प्रमाण

कोणतेही सुगंधी तेल मिसळताना थेंब मोजावेत. एक मिलिलिटर म्हणजे साधारण २० थेंब. १०० मिलिलिटर वाहक तेलात अंगासाठी ४० थेंब, म्हणजे २ टक्के, हे प्रमाण पुरे होते. चेहऱ्यासाठी त्याच्या निम्मे, १ टक्का किंवा त्याहूनही कमी. गवती चहाच्या तेलाने अॅलर्जी होण्याचा संभव अधिक, तेव्हा ते आणखी जपून वापरावे. लिंबाच्या सालीचे दाबून काढलेले तेल लावून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होते. गर्भवती स्त्रियांनी सुगंधी तेले वैद्यकीय सल्ल्याविना वापरू नयेत. नवीन मिश्रण प्रथम कोपराच्या आतील बाजूस रुपयाएवढ्या जागेवर लावून दोन दिवस वाट पाहावी. खाज वा लाली न आल्यासच पुढे जावे. सुवासाने मन प्रसन्न होते, मालिशीने थकवा उतरतो, हे मान्यच आहे; परंतु नायटा, खरूज, कुष्ठरोग यांवर तेलाची मात्रा चालविणे म्हणजे उपचाराचा मोलाचा काळ दवडणे होय. सुन्न पडलेला चट्टा दिसला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे, तेथे तपासणी व औषधे विनामूल्य आहेत.

घेताना आणि ठेवताना

बाटली हाती घेतल्यावर पुढचे चित्र न पाहता मागची बारीक अक्षरे वाचावीत. बदाम, आवळा अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या कित्येक तेलांत मुख्य घटक ‘मिनरल ऑइल’ अथवा ‘लिक्विड पॅराफिन’ हा असतो. हे खनिज तेलापासून बनते. ते विषारी नव्हे, ओलावाही राखते; पण बदामाच्या भावाने ते घेण्याचे कारण नाही. उत्पादनाची तारीख, घटकांची यादी व उत्पादकाचा पत्ता नसलेली बाटली परत करावी. संशय आल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार नोंदविता येते. १९९८ साली दिल्लीत पिवळ्या धोतऱ्याच्या बियांची भेसळ झालेल्या मोहरीच्या तेलाने साठाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. ही भेसळ पोटातूनच बाधते असे नाही. अशा तेलाच्या मालिशीनेही अंगाला सूज आल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत.

घाण्यावरून तेल आणल्यास दोन-तीन दिवस निवळू द्यावे व गाळ खाली राहू देऊन वरचे स्वच्छ तेल ओतून घ्यावे. लिनोलेइक आम्ल जितके अधिक, तितके तेल लवकर खवटते. तेव्हा करडीचे तेल एकदम पाच किलो न घेता दोन-तीन महिने पुरेल इतकेच घ्यावे, गर्द रंगाच्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरावे आणि चुलीपासून व खिडकीतल्या उन्हापासून दूर ठेवावे. त्यात दशांश तिळाचे तेल मिसळल्यास ते जरा अधिक टिकते. खवट वास आलेले तेल अंगाला लावू नये, त्याने त्वचेचा दाह होतो. करडीचे वा जवसाचे असे तेल खुरप्याच्या, कुदळीच्या दांड्यांना पुसावे. ते सुकून लाकडावर पातळ कवच धरते. पुसलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. अशा चिंध्या आपोआप तापून पेट घेतात. त्या पाण्यात भिजवून उघड्यावर पसराव्यात.